वरच्या शेतातला गहू

मी गेली चोवीस वर्षं गहू तपासते. अंधेरी पूर्वेला एमआयडीसीत एक चार मजली इमारत आहे, तिच्या दुसऱ्या मजल्यावर आमची प्रयोगशाळा. बिस्किटवाले, पाववाले, आटा विकणाऱ्या कंपन्या त्यांचा गहू आमच्याकडे पाठवतात आणि आम्ही त्यांना सांगतो, ह्यात ओल किती, प्रथिनं किती, ह्याचा पाव फुगेल की बसेल. घरची आम्ही खरं तर भातखाऊ माणसं. वडील मालवणकडचे, कापडाच्या गिरणीत होते. गिरणी बंद पडली आणि आम्ही घाटकोपरला असल्फ्याच्या डोंगरावर राहायला आलो. आईला अजूनही चपाती म्हणजे पाहुण्यांसाठी करायची वस्तू वाटते. मी मात्र जन्मभर कणीक मळली, तीसुद्धा वजनकाट्यावर तोलून.

ह्या गव्हाची गोष्ट सांगताना माझा आवाज चढतो, असं माझी बहीण म्हणते. चढू दे.

तीन वर्षांपूर्वी, दिवाळी उलटून गेल्यावर, एक म्हातारा गृहस्थ आमच्या रिसेप्शनला येऊन बसला. डोक्यावर लोकरीची टोपी. अंधेरीत, नोव्हेंबरात, लोकरीची टोपी! पायाशी दोन पोती आणि पोत्यांवर हात. वॉचमनने सांगितलं तरी पोती बाजूला ठेवायला तयार नव्हता. तो उत्तरेच्या डोंगरातून आला होता, हिमालयातल्या एका गावातून. तिथले शेतकरी पिढ्यानपिढ्या जे जुने गहू पेरतात ते गोळा करायचे, तपासायचे आणि जतन करायचे असा एक प्रकल्प आमच्या साहेबांनी कुठल्याशा संस्थेकडून मिळवला होता. गहू कुरियरने मागवला होता. म्हाताऱ्याने कुरियर केला नाही. गाडीत बसून स्वतः घेऊन आला. त्याचा पुतण्या मुलुंडला एका टॉवरवर वॉचमन होता, त्याच्या खोलीत उतरला होता.

पोती उघडली तेव्हा आत अकरा कापडी पिशव्या निघाल्या. प्रत्येक पिशवीत पुन्हा दोन पुरचुंड्या. एक साधी, एक लाल दोऱ्याने बांधलेली.

"ये कूटने के लिए," तो साध्या पुरचुंडीला हात लावून म्हणाला. मग लाल दोऱ्याच्या पुरचुंडीवर हात ठेवला. "और ये रखने के लिए. साहब ने बोला था, ठंडे कमरे में रखेंगे."

त्याची हिंदी पहाडी आणि माझी मुंबईची, पण आमचं जमलं. मी त्याला काका म्हणू लागले, तो मला बहनजी. मी वही काढली आणि तो एकेका गव्हाबद्दल सांगायला लागला. हा बर्फ पडून गेला तरी खालून उठतो. ह्याचा पेंढा कमरेपेक्षा उंच होतो, गाई हिवाळाभर त्याच्यावर जगतात. हा बिनकुसळाचा, दाणा लाल, बाळंतिणीला ह्याचाच शिरा देतात. आणि हा, तो शेवटची पिशवी सोडत म्हणाला, हा आमच्या सगळ्यात वरच्या शेतात होतो, म्हणून ह्याचं नावच 'ऊपरवाला'. ह्याची कुसळं काळी आणि सुईसारखी टोचरी. रानडुक्कर सगळं शेत उकरतं, पण ह्याला तोंड लावत नाही. ह्यातले दोन गहू आता गावात फक्त त्याच्या घरी उरले होते. हा बाळंतिणीचा लाल, आणि हा ऊपरवाला.

मी हे सगळं लिहून घेतलं. मग साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून छापील फॉर्म दिला. ओल, प्रथिनं, ग्लूटेन, हजार दाण्यांचं वजन, पिठाचा रंग, चपातीचे गुण. बस्स.

"सर, पेंढ्याचं कुठे लिहायचं? आणि डुक्कर खात नाही ते?"

"शेऱ्यात लिहा," साहेब म्हणाले. शेऱ्याची ओळ माझ्या बोटाएवढी होती.

त्याच दिवशी अकरा गव्हांना नंबर पडले. ऊपरवाला झाला अकरा नंबर. म्हाताऱ्याने फॉर्म हातात घेतला, उलटा करून मागचं कोरं पान बघितलं आणि विचारलं, "घास का कहां लिखा, बहनजी?" मी म्हटलं, लिहिणार आहे. तो हसला. माझ्यावर विश्वास ठेवला त्याने. मी त्याला आमची कोल्ड रूम दाखवली. आत जाऊन थंडीत उभा राहिला, टोपी नीट केली आणि म्हणाला, आमच्या घरासारखं आहे. मग लाल दोऱ्याच्या अकरा पुरचुंड्या त्याने स्वतःच्या हाताने फळीवर मांडल्या. जाताना मला त्याने फोन नंबर लिहून दिला आणि माझा घेतला.

हे मी एवढं बारकाईने सांगते, कारण पुढे माझ्या तोंडावर सांगितलं गेलं की असं काही ठरलेलंच नव्हतं.

तपासण्या चार महिने चालल्या. ग्लूटेन काढायचं म्हणजे कणकेचा गोळा नळाखाली धरून धुवत राहायचं. पिष्ट वाहून जातं आणि हातात रबरासारखा चिकट गोळा उरतो. पावाच्या गव्हाचा गोळा ताणला तर लांबतो. डोंगरातल्या गव्हांचा गोळा मऊ होता, ताणला की तुटायचा. पावासाठी हे वाईट. पण पाव करायला तो गहू कुणी मागितला होता?

चपातीची परीक्षा तर मी कधी विसरणार नाही. यंत्र सांगेल तेवढंच पाणी, ठरलेली मिनिटं मळायचं, ठरलेल्या जाडीची चौकट ठेवून लाटायचं, ठरलेल्या तापमानावर भाजायचं. मग चपात्या डब्यात भरून चार तास ठेवायच्या आणि ऑफिसातल्या पाच जणांनी त्या खाऊन गुण द्यायचे. पाचांत एक अकाउंट्सचा, एक एचआरची. चपाती पांढरी असली की गुण, मऊ राहिली की गुण, लालसर दिसली की गुण कापले. वासाला पाच गुण होते आणि "ओळखीचा वास" असेल तर पूर्ण पाच. डोंगरातल्या गव्हाचा वास अंधेरीतल्या एचआरच्या ओळखीचा कुठून असणार?

"ही काय यार, जळलीय का?" अकाउंट्सवाला म्हणाला आणि अर्धी चपाती डब्यात परत टाकली. जळली नव्हती. गहूच त्या रंगाचा होता.

मी साहेबांकडे गेले. म्हटलं, "सर, ह्या कणकेला पाणी जास्त लागतं आणि मळून तासभर झाकून ठेवावी लागते. त्या काकांनी मला सांगितलंय. ते जाड भाकरीएवढी करतात आणि गरम खातात. आपण चार तासांनी खाऊन नापास करतोय."

"पद्धत म्हणजे पद्धत," साहेब म्हणाले. "प्रत्येक शेतकऱ्याच्या बायकोला विचारून टेस्ट करायला लागलो तर झालंच."

त्या शनिवारी मी अकरा नंबरच्या पिठातलं दोन वाट्या पीठ घरी आणलं. आणायला नको होतं, आणलं. आईने नाक मुरडत मळलं, मी सांगितलं तसं सैल, आणि झाकून ठेवलं. तासाने जाडसर थापून तव्यावर टाकलं, मग जाळावर. दोघी उभ्या उभ्याच खायला लागलो, नुसती, वर खोबऱ्याची चटणी. आई घास गिळून म्हणाली, "ह्या गव्हाक वास आसा गो." वयाच्या ऐंशीव्या वर्षी तिने कुठल्या गव्हाचं कौतुक केलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. दुसरी भाकरी मागून घेतली तिने.

रिपोर्टात अकराच्या अकरा गव्हांसमोर एकच वाक्य गेलं. व्यापारी वापरास अयोग्य. सगळ्यात कमी गुण ऊपरवाल्याला. मीटिंगमध्ये साहेबांनी विनोदही केला, "ऊपरवाला फेल हो गया." सगळे हसले. रिपोर्टावर तपासणाऱ्याची सही माझी आहे. आकडे खरे होते म्हणून केली. आकडे खरे असले की सगळं खरं होतं असं तेव्हा मी मानत होते.

मे महिन्यात आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. तीन आठवड्यांची रजा टाकली. आमच्याकडे जुनी सॅम्पलं नष्ट करताना एक चिठ्ठी भरावी लागते आणि त्यावर माझी सही लागते. रजेवर जाताना अडायला नको म्हणून मी पाच कोऱ्या चिठ्ठ्यांवर सह्या करून स्टोअरवाल्याच्या हातात दिल्या. सगळेच देतात. वर्षानुवर्षं चालतं तसं. हे मी स्वतःचा बचाव म्हणून सांगत नाही. मी दिल्या, एवढंच.

परत आले आणि दुसऱ्या कुठल्याशा कामासाठी कोल्ड रूम उघडली. फळीवर मसाल्याची खोकी होती. एका मोठ्या मसालेवाल्याचं काम मिळालं होतं, त्याचे नमुने. खालची फळी बघितली, मागची बघितली. लाल दोऱ्याची एकही पुरचुंडी नाही.

स्टोअरवाला जेवत होता. मी विचारलं तर पटकन म्हणाला, "ते गहू ना? प्रोजेक्ट संपला, साहेब बोलले रिकामं करा. पण मी फेकलं नाय हां. अन्न कसं फेकणार? गच्चीवर कबुतरांना घातलं सगळं." आणि वर, "पुण्य तुम्हालापण लागेल, चिठ्ठीवर सही तुमचीच आहे."

त्याला खरोखर वाटत होतं की त्याने चांगलं काम केलं. मी त्याच्यावर ओरडलेसुद्धा नाही. जिना चढून गच्चीवर गेले. पाण्याच्या टाकीभोवती कबुतरांची विष्ठा, पिसं, आणि कठड्याच्या कडेला दोन-तीन लाल दोरे. दाणा एक नव्हता. डोंगरात म्हाताऱ्याच्या सुना डबे वाजवून पाखरं हाकलतात, तो सांगत होता. अंधेरीच्या कबुतरांना आम्ही ताट वाढलं.

साहेबांना विचारलं. ते लॅपटॉपवरून मान न उचलता म्हणाले, "कोल्ड रूमला लाईट बिल नाही का येत? आणि नापास झालेला गहू ठेवून काय करणार होतो आपण?"

"ठेवतो म्हणून सांगितलं होतं आपण त्यांना."

"करारात कुठे लिहिलंय परत द्यायचं?"

म्हाताऱ्याने सही केलेला करार मी काढून वाचला. खरंच लिहिलेलं नव्हतं. कुठेही नव्हतं. मी गप्प बसले. तीन महिने गप्प बसले. मनाशी म्हणत राहिले की म्हाताऱ्याकडे घरी बी आहेच, दरवर्षी पेरतोच तो, मग बिघडलं काय.

सप्टेंबरात त्याचा फोन आला. मी मेट्रोत होते, मरोळ नाक्याच्या आधी. आवाज इतका शांत होता की आधी कळलंच नाही काय सांगतोय. ऑगस्टच्या पावसात वरचा डोंगर सरकला होता. घरची माणसं वाचली, गोठा वाचला. घराची मागची खोली गेली, जिथे धान्याच्या लाकडी पेट्या असत. वरचं शेतही गेलं. नऊ गव्हांचं बी शेजाऱ्यांकडून मिळेल, तो म्हणाला. पण ते दोन, लाल आणि ऊपरवाला, ते दुसऱ्या कुणाकडे नाहीत. पेरणीला अजून महिना आहे.

"बहनजी, आपने जो ठंडे कमरे में रखा है, उसमें से एक-एक मुट्ठी भेज दो. बाकी वहीं रहने दो, सुरक्षित है."

सुरक्षित है. मी काय बोलले असेन? म्हटलं, "काका, बघते." फोन ठेवला. माझ्या स्टेशनावर दार उघडलं, माणसं उतरली, मी पुढे चकाल्यापर्यंत तशीच बसून राहिले आणि मग मागे आले.

साहेब म्हणाले, "सांगा, प्रोसेसमध्ये आहे. दोन महिन्यांनी स्वतःच विसरेल." त्या वाक्यानंतर मला त्या माणसाबद्दल उरलासुरला आदरही राहिला नाही. घर वाहून गेलेला माणूस बी विसरेल म्हणे.

मी शोधायला लागले. आधी दळायचं यंत्र, त्याच्या सांध्यांतून पीठ निघालं फक्त. मग जुने ट्रे. मग दुसऱ्या दिवशी दुपारी एकदम आठवलं की हजार दाण्यांचं वजन करताना दाणे दळत नाहीत. मोजतात आणि काट्यावर ठेवतात, इतकंच. ते दाणे परत पोत्यात टाकायचे असतात, पण मला सवय, वादाला पुरावा असावा म्हणून मी ते पाकिटात घालून कच्च्या नोंदींच्या फायलीत ठेवते. फायली माझ्या टेबलामागच्या लोखंडी कपाटात होत्या. कपाट बिनएसीच्या पॅसेजमध्ये.

बाळंतिणीच्या लाल गव्हाच्या वेळी कागदी पाकिटं संपली होती, म्हणून मी तो झिपच्या प्लास्टिक पिशवीत घातला होता. पिशवी जशीच्या तशी मिळाली. ऊपरवाला कागदी पाकिटात होता. पाकिटाला टाचणीएवढी भोकं. उघडलं तर भुगा, आणि भुग्यातून दोन सोंडे चालत बाहेर आले. मी ते टेबलावर ओतलं आणि चिमट्याने एकेक दाणा उलटून बघितला. बहुतेक पोकळ होते. धड दिसणारे सतरा निघाले.

दोन्ही पाकिटं मी पर्समध्ये घातली. कुणाला विचारलं नाही. घरी लाल गव्हाचे दहा दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवले, आई दिवसातून चार वेळा फडकं उघडून बघायची. चौथ्या दिवशी सहांना मोड आला. सतरा दाण्यांतला एकही वापरायची माझी हिंमत झाली नाही. ते सगळे त्याचे होते.

मग मी फोन केला आणि काय झालं ते सांगितलं. कोऱ्या चिठ्ठ्यांसकट. कबुतरांसकट. शिव्या दे ना, असं मनात म्हणत होते मी. त्याने एवढंच विचारलं, "सत्रह?"

"सतरा, काका."

"भेज दो."

मुलुंडचा पुतण्या गावी जायचाच होता, घर बांधायला हातभार म्हणून. मी टॉवरच्या गेटवर जाऊन त्याच्या हातात दोन डब्या दिल्या. त्याने काही विचारलं नाही, काकांनी सांगितलेलं असणार. माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ती मला पुरली.

आणि ऑक्टोबरात पवईच्या एका हॉटेलात कार्यक्रम ठेवला आमच्या साहेबांनी. प्रकल्पाचा समारोप. पैसे देणाऱ्या संस्थेची माणसं, दोन-चार आटेवाले, कॉलेजचे प्राध्यापक. स्टेजमागे भलामोठा बॅनर, त्यावर आमचा म्हातारा, हातात काळ्या कुसळांच्या ओंब्या धरून हसतोय. त्याला बोलावलं नव्हतं. फोटो मात्र लावला. मला रिपोर्टाच्या प्रती वाटायला नेलं होतं.

साहेब चांगलं बोलतात. डोंगरातली संस्कृती, पूर्वजांचा ठेवा, सगळं बोलून झालं आणि पडद्यावर मोठ्या अक्षरात आलं, अकरा दुर्मीळ वाणांचं जतन. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मी उभी राहिले. ठरवून नाही. प्रतींचा गठ्ठा हातात होता, तो खुर्चीवर ठेवला एवढं आठवतं.

"एकपण नाही," मी म्हटलं.

माईक नव्हता, तरी ऐकू गेलं असणार, कारण पुढच्या रांगेतली माणसं वळली. साहेब हसत म्हणाले, "ह्यावर आपण नंतर बोलू." पैसे देणाऱ्या संस्थेतली एक बाई म्हणाली, "एकपण नाही म्हणजे?"

"म्हणजे आमच्याकडे ह्यातला एकही दाणा नाही. ठेवतो म्हणून घेतले आणि मे महिन्यात कबुतरांना घातले. चिठ्ठीवर सही माझी आहे. आणि हे जे काका आहेत ना फोटोत, त्यांचं घर गेलंय दरडीत. त्यांच्या हातात जो गहू दिसतोय त्याचे सतरा दाणे उरलेत, तेही मी माझ्या फायलीतून काढून पाठवलेले. त्यांनी बी मागितलं आणि आम्ही टाळ्या वाजवतोय."

आवाज माझा चढलाच होता. मग कुणीतरी चहाची सुट्टी जाहीर केली. चहा! मला वाटलं होतं काहीतरी होईल. लोक उठले आणि सँडविचकडे गेले. ती बाई माझ्याजवळ आली, दंडावर हात ठेवून म्हणाली, "अपयशातूनही शिकायला मिळतं ना." मी तिला म्हटलं, "तुम्ही शिका. गहू त्यांचा गेलाय." ती हात काढून घेऊन निघून गेली.

दुसऱ्या दिवशी मेमो आला. संस्थेची बदनामी, आणि परवानगीवाचून सॅम्पल बाहेर नेलं हे दुसरं कलम. ते बिचाऱ्या दोन पाकिटांबद्दल होतं. अकराच्या अकरा पुरचुंड्या कबुतरांना घातल्या त्याबद्दल कुणाला मेमो नाही. मी उत्तर लिहिलं, तीन पानं, एकही शब्द मागे घेतला नाही. राजीनामा दिला असता तर ही गोष्ट सांगायला जास्त बरी वाटली असती. दिला नाही. आईची औषधं, निवृत्तीला पाच वर्षं. मला बिस्किटाच्या विभागात बसवलं, बढती थांबवली. साहेब अजून आहेत. समोर आले की गुड मॉर्निंग म्हणतात. मी म्हणत नाही.

उन्हाळ्यात म्हाताऱ्याचा फोन आला. लाल गहू उगवला होता. घराशेजारी एक लहानसा वाफा, त्यात निम्म्याहून कमी रोपं आली, पण आली, आणि ओंब्या भरल्या. पुढच्या वर्षी दोन शेजाऱ्यांना देणार म्हणाला, एकाच घरात ठेवण्याची चूक आता करणार नाही. चूक त्याची! तो स्वतःलाच दोष देत होता. मी म्हटलं, "काका, चूक आमची होती." तो म्हणाला, "हां, वो तो है." मला ते ऐकून बरं वाटलं. निदान तेवढं तरी बोलला.

सतरा दाणे त्याने चुलीशेजारी कुंडीत लावले होते, पाखरं, उंदीर लागू नयेत म्हणून. रोज सून पाणी घालायची. एकही आला नाही. मार्चपर्यंत वाट बघून मग त्याने त्या कुंडीत कोथिंबीर टाकली.

त्या गव्हाची सगळी मापं माझ्या फायलीत आहेत. ओल किती, प्रथिनं किती, चपाती चार तासांनी कशी लागली, अकाउंट्सवाल्याने किती गुण दिले. डुक्कर का खात नव्हतं, ते कुणी तपासलं नाही. आता तपासायला काही राहिलं नाही.

गेल्या महिन्यात नाचणीचा प्रकल्प सुरू झाला. डहाणूकडच्या दोन बायका पाट्यांत नाचणीच्या कणसांच्या जुड्या घेऊन रिसेप्शनला बसल्या होत्या. मी बिस्किटवाली, माझा संबंध नाही. तरी खाली गेले. विचारलं, "हे बी तुमच्या गावात अजून किती घरी आहे?"

"आमच्या दोघींकडं हाय बस," थोरली म्हणाली.

"मग हे सगळं इथे देऊ नका. अर्धं परत न्या. आणि जे द्याल त्याची पोच लिहून घ्या, परत केव्हा मिळणार ते तारखेसकट."

"सायेब तर बोलला, थंड खोलीत ठेवतो."

"मला माहीत आहे काय बोलला ते," मी म्हटलं. रिसेप्शनची मुलगी माझ्याकडे बघत होती आणि तिचा हात फोनकडे गेला होता. मी तिच्यासमोरचा कागद ओढून घेतला, पोच लिहिली, थोरलीला वाचून दाखवली आणि म्हटलं, साहेबांची सही झाल्याशिवाय पाटीवरचा हात काढू नका. साहेब जिन्यावरून खाली येत होते. त्या दोघी उठल्या नाहीत.

सही करायला त्यांना वीस मिनिटं लागली. मी तोवर तिथेच उभी होते.